पाठीवरची बॅटरी

मृगाचा पाऊस पडून सरकी टोबून झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या कृषी केंद्रांवरची बियाण्याची गर्दी ओसरते आणि पंपांची गर्दी सुरू होते. वणी असो, दारव्हा असो की पांढरकवडा, काउंटरवरचा प्रश्न सारखाच असतो. बारा बाय आठ घ्यायचा की बारा बाय बारा? सिंगल मोटर की डबल? यातले बारा म्हणजे बॅटरीचे व्होल्ट, आणि आठ किंवा दुसरे बारा म्हणजे तिचे अँपिअर-तास. या आकड्यांवरून घेणारा एकच गोष्ट ताडून पाहतो : एका चार्जिंगवर किती टाक्या निघतील. मग किंमत, मग घासाघीस, आणि पंप मोटारसायकलच्या मागे बांधला जातो.

शहरात बिनतारी अवजार म्हटले की सुताराचे ड्रिल किंवा सोलर पॅनेल बसवणाऱ्याचे स्क्रू फिरवायचे मशीन डोळ्यांपुढे येते. यवतमाळात आधी हा चार्जिंगचा पंप येतो. जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून अधिक कापूस आहे. त्यावर जुलैपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत फवारणी चालते, आणि आंतरपिकातल्या तुरीवर त्यानंतरही. पाठीवर सोळा-अठरा लिटरची टाकी, तिच्या बुडाशी बॅटरी, बॅटरीशेजारी लहानशी डायफ्रामची मोटर, उजव्या हातात नळी. अवजार साधे आहे. पण त्यातली बॅटरी कशी निवडायची, हा प्रश्न इथे सुताराच्या ड्रिलइतका साधा नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. ड्रिलची बॅटरी मोठी घेतली तर जास्त भोके पडतात. पंपाची बॅटरी मोठी घेतली तर माणूस जास्त वेळ विषात उभा राहतो.

हँडलच्या पंपाचे दिवस आठवून पाहा. डाव्या हाताने दांडा हापसत, उजव्या हाताने नोझल फिरवत पिकाच्या तासातून चालायचे. आठ-दहा टाक्या झाल्या की खांदा भरून यायचा आणि काम थांबायचे. कापसाला एकरी साधारण दोनशे लिटर पाणी धरले तर सोळा लिटरच्या बारा-तेरा टाक्या होतात. म्हणजे एका माणसाकडून दिवसात एक एकर पुरते उरकणे मुश्कील. ही मर्यादा त्रासाची होती, पण ती शरीराने घातलेली होती. चार्जिंगच्या पंपाने ती काढून टाकली. खांद्याचे दुखणे कमी झाले हे खरे आहे आणि ते मोलाचे आहे. ज्याने दांडा हापसलेला नाही त्याने त्याला नावे ठेवू नयेत. मात्र काम कधी थांबायचे हे आता खांदा ठरवत नाही, बॅटरी ठरवते. बॅटरी संपली की दुसरी जोडली जाते, आणि वीस-पंचवीस टाक्यांपर्यंत दिवस लांबतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणीतून विषबाधा झालेले शेतकरी आणि मजूर येऊ लागले. ऑगस्ट-सप्टेंबरात तर रीघ लागली. उलट्या, चक्कर, डोळ्यांची आग, काहींना दिसेनासे झालेले, काही बेशुद्ध, काही इतके बेचैन की त्यांना खाटेला बांधून ठेवावे लागले. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली आणि आठशेहून अधिक जण रुग्णालयात दाखल झाले. राज्य सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. काही कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात तात्पुरती बंदी आली. पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळासाठी या घटनांचा गावोगावी जाऊन मागोवा घेतला, म्हणून त्या माणसांच्या घरांची हकिगत आज वाचायला मिळते.

कारणे एकाहून अधिक होती. त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, अनेक वावरांत माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि दाटली होती, त्यामुळे फवारा खाली पायाकडे न जाता तोंडासमोर उडत होता. किडीचा जोर मोठा होता. दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळली जात होती. तोंडाला रुमाल, अंगात रोजचाच सदरा, पायात बहुधा काहीच नाही. दमट, कोंदट हवा. आणि या सगळ्यात नवे आलेले, स्वस्त, बरेचसे चिनी बनावटीचे चार्जिंगचे पंप. त्यांचा बारीक तुषार आणि वेगही तेव्हाच्या चर्चेत कारण म्हणून पुढे आला. पुढे दोष कोणाचा यावर बराच वाद झाला. औषध बनवणारे, विकणारे, कृषी खाते, रुग्णालय, आणि अखेर फवारणाऱ्या माणसाचा ‘निष्काळजीपणा’. या शेवटच्या शब्दाची मला चीड येते. जळत्या उन्हात, ओल्या काळ्या मातीत, बावीस किलोंचे ओझे पाठीवर घेऊन चालणाऱ्याला रबरी कपडे घालायला सांगायचे आणि घातले नाहीत म्हणून त्यालाच जबाबदार धरायचे, हा न्याय नव्हे.

पंपाला एकट्याला दोषी धरता येणार नाही. मात्र त्याच्या दोषात विज्ञान काय आहे, ते समजून घ्यायला हवे, कारण बॅटरीची निवड तिथेच येऊन भिडते.

नोझलमधून पाणी किती बाहेर पडेल ते दाबावर अवलंबून असते, पण सरळ प्रमाणात नाही. दाब दुप्पट केला तर प्रवाह सुमारे १.४ पट होतो. उरलेली ताकद थेंब फोडण्यात जाते. थेंब जितका बारीक तितका तो हवेत जास्त वेळ राहतो. शंभर-दीडशे मायक्रॉनहून लहान थेंब पानावर बसण्याऐवजी झुळुकीबरोबर वाहतात, आणि डोक्याइतक्या पराटीत चालणाऱ्याच्या नाकातोंडात, डोळ्यांत, ओल्या सदऱ्यावर जातात. डबल मोटरचा पंप फुल दाबावर चालवला की फवारा धुक्यासारखा दिसतो. दुकानात तो पाण्यावर चालवून दाखवतात तेव्हा त्या धुक्याचेच कौतुक होते. पंपाच्या खाली दाब कमी-जास्त करायची खुंटी असते. ती किती फिरवायची, कोणत्या औषधाला कोणते नोझल, हे सांगायला दुकानात कोणाला सवड नसते.

आता बारा बाय आठ आणि बारा बाय बारा यांचा हिशेब मांडू. सिंगल मोटर साधारण अडीच अँपिअर वीज घेते असे धरा. आठ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर तीन तासांहून थोडी जास्त चालायला हवी. डबल मोटर दोन्ही चालू असताना पाच अँपिअर ओढते. बारा अँपिअर-तासांच्या बॅटरीला ती अडीच तासही पुरत नाही. म्हणजे मोठी बॅटरी घेऊन तास वाढले नाहीत, दाब आणि वेग वाढला. वर वजन वाढले ते वेगळेच. आठची शिसे-आम्ल बॅटरी अडीच किलोंच्या आसपास भरते, बाराची साडेतीन किलोंच्या पुढे. टाकी रिकामी झाली तरी हे वजन पाठीवर असतेच.

कागदावरचे तीन तासही प्रत्यक्षात मिळत नाहीत, आणि यात फसवणूक असतेच असे नाही. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीवर छापलेली क्षमता वीस तासांच्या संथ उपशावर मोजलेली असते. आठ अँपिअर-तास म्हणजे ०.४ अँपिअर या वेगाने वीस तास. तिच्यातून अडीच अँपिअर ओढू लागलात तर ती सहाच्या आसपास देते. वऱ्हाडातल्या विहिरीसारखेच हे आहे : हळू उपसा केला तर झरे भरत राहतात, मोठी मोटर लावली तर खडकात पाणी असूनही तळ दिसतो. म्हणून खरे चालणे दोन ते अडीच तासांचे. एका टाकीला दहा मिनिटे धरली तर बारा ते पंधरा टाक्या. खोक्यावर वीस-पंचवीस लिहिलेले असते, ते नव्या बॅटरीला, सौम्य नोझलवर.

लिथियमचा प्रकार वेगळा आहे आणि इथेच आठ-बाराचा हिशेब चुकतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल एका रांगेत जोडले की १२.८ व्होल्ट होतात. सहा अँपिअर-तासांचा असा पॅक ७६.८ वॉट-तास साठवतो, आणि अडीच अँपिअरच्या उपशावर त्यातले जवळपास सगळे परत देतो. आठच्या शिसे-आम्ल बॅटरीचे कागदावर ९६ वॉट-तास, हाती ७०-७५. म्हणजे लिथियमचा सहाचा पॅक आणि शिशाचा आठचा डबा यांचे काम सारखेच. वजनात मात्र पाऊण किलो विरुद्ध अडीच किलो. पावणेदोन किलोंचा हा फरक दिवसभर चालणाऱ्याला विचारा. तरीही काउंटरवर सहाचा आकडा ऐकून गिऱ्हाईक आठच मागते, कारण व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास आणि त्यातले खरे हाती किती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आणखी एक फरक आहे. शिशाच्या बॅटरीचा व्होल्टेज काम चालू असताना उतरत जातो. पहिल्या टाकीला दाब भरपूर, दहाव्या टाकीला मरगळलेला. मग माणूस खुंटी पुढे फिरवतो, किंवा पानावर औषध कमी पडले असे वाटून त्याच तासातून पुन्हा फिरतो. फॉस्फेटच्या लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, दाब एकसारखा राहतो, थेंबही एकसारखा. आणि संपतो तेव्हा तो एकदम थांबतो. या थांबण्याकडे मी पुढे येतो.

लिथियम म्हणजे एकच वस्तू नव्हे. स्वस्त पॅकमध्ये बहुधा अंगठ्याएवढे १८६५० सेल असतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. लॅपटॉपमध्ये ते वापरले जात. तीन सेल एका रांगेत जोडले की ११.१ व्होल्ट. हे हलके आणि स्वस्त, पण तापले, चेपले किंवा चुकीच्या चार्जरला लावले तर पेट घेण्याचा धोका फॉस्फेटपेक्षा पुष्कळ जास्त. पंपाच्या बुडाशी, जिथे टाकी झिरपते, चिखल उडतो, पोत्यावर आदळआपट होते, अशा जागी मला तरी फॉस्फेटचाच पॅक योग्य वाटतो. त्याचे आयुष्यही दोन हजारांच्या आसपास चार्जिंगचे सांगितले जाते. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण रिकामी करत वापरली तर दोनशे-तीनशेत थकते.

चार्जर हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. रांगेतल्या तीन सेलांच्या लिथियमला १२.६ व्होल्टचा चार्जर लागतो, चार सेलांच्या फॉस्फेटला १४.६ चा, आणि शिशाचा त्याहून वेगळा. तिघांचीही पिन पुष्कळदा सारखीच असते. जुना चार्जर जळला की बाजारातून ‘पंपाचा चार्जर’ म्हणून जो मिळेल तो आणला जातो. शिशाच्या चार्जरवर तीन सेलांचा लिथियम पॅक लावला तर आतले संरक्षक सर्किट शेवटचा आधार उरते, आणि स्वस्त पॅकमध्ये ते असेलच असे नाही. पॅकच्या अंगावर आणि चार्जरच्या अंगावर व्होल्टेज मोठ्या अक्षरांत छापलेले नसेल तर तो माल घेऊ नये.

आकड्यांची खोटी भरती सगळ्याच बिनतारी अवजारांच्या बाजारात आहे. १८६५० च्या एका सेलमध्ये आजही साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या वर फारसे मावत नाही; ‘९८००’ छापलेला सेल खोटा, हे सेल न तपासताही सांगता येते. चांगल्या सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असते, हातात तो पोकळ लागला तर आत माल नाही. फर्निचरच्या कामावर दिसणाऱ्या स्वस्त ड्रिलवर आणि नट खोलायच्या मशीनवर ‘४८’, ‘८८’, ‘१२८’ असे आकडे व्होल्टसारखे छापलेले असतात, आणि आत तेच पाच सेल. पाच सेल म्हणजे १८ व्होल्टच्या आसपास, पूर्ण चार्ज असताना वीस-एकवीस. नामांकित कंपन्यांचे ‘१८’ आणि ‘२०’ हेही त्याच पाच सेलांचे दोन आकडे. एक कामाचा, एक पूर्ण भरलेल्या क्षणाचा. सुताराने किंवा पंप घेणाऱ्याने एवढे तरी मागावे : वॉट-तास, तयार केल्याचा महिना-वर्ष, आणि लिथियम असेल तर बीआयएसचे नोंदणी चिन्ह व क्रमांक. लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे, आणि क्रमांक असेल तर तो तपासता येतो.

इतके असूनही यवतमाळातल्या बहुतेक बॅटऱ्या काम करून मरत नाहीत, पडून राहून मरतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा. त्यात चाळीस-पन्नास चार्जिंग झाले तरी चांगली शिसे-आम्ल बॅटरी चार हंगाम काढू शकते. पण शेवटची फवारणी झाली की पंप अर्धवट संपलेल्या बॅटरीसह कोठ्यात किंवा टिनाच्या छपराखाली जातो आणि थेट पुढच्या मृगाला बाहेर येतो. रिकाम्या शिशाच्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते नंतर सुटत नाहीत. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये यवतमाळचा पारा ४२-४५ ला जातो, टिनाखाली त्याहून वर. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, हा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. जूनमध्ये पंप काढतात तेव्हा बॅटरी चार टाक्यांत बसते आणि कंपनीला शिव्या बसतात.

यावर उपाय फुकटचा आहे. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि मधूनमधून पुन्हा भरावी. तारखा लक्षात ठेवायची गरज नाही, सण आहेत. तुरीची फवारणी आटोपली की संक्रांतीला एकदा, होळीला एकदा, अक्षय्य तृतीयेला एकदा, आणि मृगाआधी. लिथियमचे उलट : तो पूर्ण भरून उन्हाळ्यात ठेवू नये, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवावा.

पण घरात काय आणि कसे न्यायचे, हाच सगळ्यांत गंभीर प्रश्न आहे, आणि त्याबद्दल मी फार कमी लिहिलेले वाचले आहे. बाजारातल्या बहुतेक चार्जिंगच्या पंपांत बॅटरी बुडाशी स्क्रूने बंद असते आणि चार्जरची पिन पंपाच्या अंगावर असते. म्हणजे बॅटरी भरायची तर आख्खा पंप घरात न्यायचा. वीज घरात, म्हणून पंपही घरात. दिवसभर ज्याच्या पट्ट्यांवर, टाकीच्या कडांवर, नळीवर औषध सांडले-झिरपले, तो पंप रात्री धान्याच्या कोठीशेजारी, पिण्याच्या पाण्याच्या माठाजवळ, निजलेल्या लेकरांच्या उशाशी चार्जिंगला लागतो. सकाळी घरातली बाई केर काढताना तो उचलून बाजूला ठेवते, उघड्या हाताने. फवारणीतून विषबाधा म्हटले की आपण वावरातल्या माणसाचा विचार करतो. या बाईची आणि लेकरांची नोंद कोणत्या कागदावर येते?

बॅटरी काढता येणारी असेल तर हा प्रश्न जवळजवळ सुटतो. पंप धुऊन गोठ्यात टांगायचा, फक्त पॅक पुसून घरात आणायचा. ड्रिलच्या दुनियेत ही गोष्ट किती जुनी आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरने बिनतारी ड्रिल आणले तेव्हा आत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या. पुढे खटकन निघणारा आणि खटकन बसणारा पॅक हाच या अवजारांचा आत्मा झाला. एकच पॅक ड्रिलला, करवतीला, ग्राइंडरला. युरोपात काही कंपन्यांनी एकमेकांच्या अवजारांना चालतील असे पॅक काढले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता आणि बदलता यायला हवी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा ज्या क्षेत्रांची निवड झाली त्यांत शेतीची अवजारेही होती. फवारणी पंपाचा निघणारा पॅक हे त्या हक्काचे पहिले उदाहरण व्हायला हवे, कारण इथे तो सोयीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

सरकारला हे घडवून आणणे अवघड नाही, कारण सरकार स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहे. २०२४ मध्ये कापूस आणि सोयाबीन उत्पादकांसाठीच्या विशेष कृती योजनेतून महाडीबीटी पोर्टलवर अर्ज मागवून, सोडत काढून बॅटरी पंप शंभर टक्के अनुदानावर दिले गेले. त्या खरेदीच्या किमतीवरून वाद झाला, राजकीय आरोप झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. पैशाचा हिशेब विचारलाच पाहिजे. परंतु जी चर्चा वर्तमानपत्रांतून माझ्यापर्यंत आली, तिच्यात आत कोणती बॅटरी, किती वॉट-तासांची, ती निघते का, दाबाला मर्यादा आहे का, सोबत कोणते नोझल, यांतला एकही प्रश्न मला आढळला नाही. ज्या जिल्ह्याने २०१७ पाहिले, त्या जिल्ह्यात वाटल्या जाणाऱ्या पंपाच्या निविदेत हे पहिल्या पानावर असायला हवे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था फार लांब नाहीत. कोणत्या उंचीच्या पराटीला किती दाब आणि कोणते नोझल, हे पंपाच्या अंगावर चित्राने छापून द्यायला त्यांची मदत घेता येईल. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये संरक्षक कपड्यांची तरतूद आहेच. पंपाबरोबर ते कपडे आपल्या हवेला सोसतील असे हवेत.

बसलेल्या बॅटरीचे काय होते, हेही थोडक्यात सांगतो. शिशाला भंगारात भाव आहे, म्हणून ती बॅटरी कोणी फेकत नाही, भंगारवाला घेतो. पण ती कोठे आणि कशी फोडली जाते ते गावाला दिसत नाही. लिथियमच्या पॅकला असा भाव नाही, तो उकिरड्यावर जातो. ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ज्या कृषी केंद्रातून पंप घेतला तिथेच जुना पॅक देऊन नव्यात सूट मिळावी, ही मागणी त्या नियमांच्या आधारे करता येते.

आता त्या थांबण्याविषयी. फवारणी सकाळी करावी, वारा सुटला आणि ऊन चढले की थांबवावी, हे प्रत्येक माहितीपत्रकात असते आणि कोणी पाळत नाही, कारण काम उरलेले असते. एका चार्जिंगचे दोन-अडीच तासांचे चालणे, मध्ये प्रत्येक टाकीला पाणी आणि औषध भरायची पाच-सहा मिनिटे, असा हिशेब केला तर साडेसहाला सुरू केलेले काम दहाच्या सुमारास संपते. तेवढ्यात बारा-पंधरा टाक्या, म्हणजे साधारण एक एकर, उरकते. त्याहून जास्त वेळ माणसाला फवाऱ्यात उभे ठेवू नये, असे मला वाटते. म्हणून माझा सल्ला दुकानदाराच्या सल्ल्याच्या उलट आहे. सिंगल मोटर घ्या. फॉस्फेटचा, सहाच्या आसपासचा, हलका आणि निघणारा पॅक घ्या. पैसे उरले तर ते दुसऱ्या बॅटरीत घालू नका. चांगले नोझल, डोळ्यांना चष्मा, तोंडाला योग्य मास्क आणि लांब हातमोजे घ्या.

यात एक अडचण आहे आणि ती बॅटरीने सुटणारी नाही. पंप घेणारा बहुतेकदा शेतमालक असतो आणि तो पाठीवर घेणारा मजूर किंवा सालदार. कुठे फवारणीची मजुरी रोजाने ठरते, कुठे पंपाच्या हिशेबाने, जितक्या टाक्या तितके पैसे. पंपाच्या हिशेबाने काम असेल तर मजूर स्वतःच दुसरी बॅटरी मागतो, दाबाची खुंटी स्वतःच पुढे करतो, आणि दुपारच्या वाऱ्यातही थांबत नाही, कारण थांबला तर त्याच्या घरात कमी पैसे येतात. त्याच्याकडून सकाळी दहाला थांबण्याची अपेक्षा करायची तर मजुरी टाकीवरून काढून सकाळवर आणावी लागेल : दहापर्यंत फवारणी, नंतर डवरणी किंवा निंदणाचे काम, आणि पैसे पूर्ण दिवसाचे. असा करार गावात दोघांनी केला तरी चालतो, त्याला शासन निर्णय लागत नाही. येत्या मृगाला पंप घ्यायला जाण्याआधी मालकाने तो करून ठेवावा.